आधी अपघात, की आधी बिघाड?

‘चालकाचा ताबा सुटल्याने भरधाव मालमोटार दुभाजक ओलांडून समोरून येणाऱ्या मोटारीवर आदळली.’ वृत्तपत्रांच्या वाचकाला हे वाक्य आता तोंडपाठ झाले आहे. ताबा सुटला, हे खरेच. पण तो का सुटला, याचे उत्तर या वाक्यात नसते. चालकाला डुलकी लागली म्हणून सुटला, कुणी अचानक आडवे आले म्हणून सुटला, की हातातले स्टीअरिंग फिरत असतानाही पुढची चाके वळेनाशी झाली म्हणून सुटला? तिन्ही प्रसंगांत रस्त्यावर दिसणारे दृश्य एकच असते. उलटलेली गाडी, विखुरलेला माल आणि तुटलेल्या सुट्या भागांचा खच. चालक वाचला नसेल, तर आपली बाजू सांगायलाही कुणी उरत नाही.

अशा वेळी तपास करणाऱ्यापुढे एक साधा वाटणारा, पण अत्यंत अवघड प्रश्न उभा राहतो. स्टीअरिंगचा भाग तुटला म्हणून अपघात झाला, की अपघात झाला म्हणून तो भाग तुटला? या प्रश्नाच्या उत्तरावर चालकाची अब्रू, मालकाची जबाबदारी, विम्याची भरपाई आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच बनावटीच्या, आजही रस्त्यावर धावणाऱ्या हजारो मालमोटारींची सुरक्षितता अवलंबून असते.

हातापासून चाकापर्यंतची साखळी

अवजड मालमोटारीचे स्टीअरिंग ही एक लांबलचक साखळी आहे. चालकाच्या हातातील चाकापासून स्टीअरिंगचा दांडा, म्हणजे शाफ्ट, खाली उतरतो. चालकाची केबिन हलती असते आणि दांड्याला वळणेही घ्यावी लागतात, म्हणून त्यात युनिव्हर्सल जॉइंट बसविलेले असतात. हा दांडा स्टीअरिंगच्या गिअरबॉक्समध्ये शिरतो. तेथे तेलाच्या दाबाची मदत मिळून चालकाच्या हाताचा जोर अनेक पटींनी वाढतो. गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या दांड्यावर एक आखूड, जाड हात बसविलेला असतो. त्याला पिटमन आर्म म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजांत तो ‘ड्रॉप आर्म’ म्हणून ओळखला जातो. त्याला ड्रॅग लिंक जोडलेली असते आणि ती एका बाजूचे पुढचे चाक वळविते. दोन्ही चाकांना एकत्र बांधणारा आडवा दांडा म्हणजे टाय रॉड. चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते ती किंग पिन.

या साखळीचा एक गुण वाचकाने ध्यानात घ्यावा. तिच्यात बहुतेक ठिकाणी दुसरा मार्ग नसतो. ब्रेकची गोष्ट वेगळी आहे. आधुनिक अवजड वाहनांच्या हवेच्या ब्रेकमध्ये दोन स्वतंत्र मार्ग असतात. हवा पूर्णपणे निघून गेली, तर मागील चाकांवरील शक्तिशाली स्प्रिंग आपोआप ब्रेक आवळतात. म्हणजे यंत्रणा बिघडली, तर गाडी थांबण्याकडे झुकते. स्टीअरिंगला अशी सोय नाही. तेलाचा दाब गेला, तर चाक जड होते, पण निदान वळते. मात्र ड्रॅग लिंकचे टोक निखळले, ड्रॉप आर्म तुटला किंवा शाफ्टचा जोड सुटला, तर चालकाचे हात आणि रस्ता यांच्यातील नातेच संपते. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. चालकाला काय घडले हे कळेपर्यंत गाडी आपली मार्गिका सोडून गेलेली असते.

भाराचाही विचार केला पाहिजे. भारतात २०१८ साली अधिकृत भारमर्यादा वाढविण्यात आली, तेव्हा दोन टायरांच्या पुढच्या अ‍ॅक्सलवरील अनुज्ञेय भार सहा टनांवरून सात टनांवर गेला. एवढे ओझे पेलणारी चाके उभ्या गाडीत, कोरड्या रस्त्यावर वळविताना स्टीअरिंगच्या भागांवर सर्वाधिक ताण येतो. खड्ड्याचा प्रत्येक धक्काही याच भागांतून प्रवास करतो. गाडीच्या आयुष्यात असे धक्के लाखो वेळा बसतात. भाग नीट घडविलेला असेल, तर तो ते सोसतो. कुठे पोलादात पोकळी राहिली असेल, उष्णतेची प्रक्रिया चुकली असेल, आकारातील एखादा कोपरा गरजेपेक्षा धारदार झाला असेल, तर तेथे केसाएवढी भेग पडते आणि ती हळूहळू वाढू लागते.

तुटलेल्या तुकड्याची साक्ष

सुदैवाने धातूला स्मृती असते. तुटलेल्या पृष्ठभागावर तुटण्याचा इतिहास कोरलेला असतो आणि तो वाचण्याचे शास्त्र चांगले विकसित झाले आहे.

आघाताने एका क्षणात तुटलेल्या दांड्याचा पृष्ठभाग सर्वत्र सारखाच खडबडीत दिसतो. धातू लवचीक असेल, तर तुटण्यापूर्वी तो ताणला गेलेला, वाकलेला, मानेसारखा बारीक झालेला आढळतो. धातूच्या थकव्याने, म्हणजे वारंवार पडणाऱ्या ताणाने तुटलेल्या भागाचे चित्र निराळे असते. त्यावर एक गुळगुळीत पट्टा दिसतो आणि त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहणाऱ्या रेघांसारख्या वक्र रेषा उमटलेल्या असतात. या रेषांचा माग उलट काढत गेले, की भेग जेथे सुरू झाली तो बिंदू सापडतो. उरलेल्या छोट्याशा भागात मात्र धातू एकदम फाटलेला असतो. भेगेने दांडा इतका पोखरलेला असतो, की शेवटी उरलेला धातू नेहमीचा भारही पेलू शकत नाही.

भेग जुनी की ताजी, हे ठरविण्याचा आणखी एक पुरावा म्हणजे गंज. तुटलेल्या पृष्ठभागाचा काही भाग तांबूस वा काळपट आणि उरलेला चकचकीत असेल, तर तो तांबूस भाग अपघातापूर्वीच उघडा पडलेला होता, हे उघड आहे. बोल्ट गळून पडला असेल, तर ज्या छिद्रात तो होता त्याच्या कडा काय सांगतात, हे पाहावे लागते. बोल्ट बराच काळ सैल राहून हलत असेल, तर छिद्र लांबट झालेले असते आणि आटे घासलेले असतात. तो अपघाताच्या धक्क्याने तुटला असेल, तर त्याचे तुटके टोक जागेवर अडकलेले सापडण्याची शक्यता असते. तो मुळात बसविलाच नसेल, तर आवळल्याच्या खुणाच दिसत नाहीत.

यानंतर प्रयोगशाळेचे काम सुरू होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठभाग तपासला जातो. धातूचे रासायनिक घटक मोजले जातात, कठीणपणा तपासला जातो आणि आराखड्यात लिहिलेल्या मापांशी ते ताडून पाहिले जातात. या सगळ्याला एक पूर्वअट आहे. तुकडा सापडला पाहिजे, तो पुसून स्वच्छ केलेला नसावा आणि ‘बसतात का पाहू’ म्हणून दोन तुटकी टोके एकमेकांवर दाबलेली नसावीत. असे एकदा दाबले, तरी पृष्ठभागावरील सूक्ष्म खुणा पुसल्या जाऊ शकतात. रस्ता मोकळा करण्याच्या घाईत क्रेनने ओढलेल्या आणि भंगारात गेलेल्या गाडीबरोबर हा साक्षीदारही नाहीसा होतो.

बिघाड आणि दोष यांतील अंतर

एका गाडीचा एक भाग थकव्याने तुटला, हे सिद्ध झाले तरी उत्पादनात दोष आहे, असे लगेच म्हणता येत नाही. वंगण दिले गेले नसेल, पूर्वीच्या अपघातात वाकलेला दांडा तापवून सरळ केला असेल, बनावट सुटा भाग बसविला असेल. कंपन्यांचा बचाव बहुतेक वेळा येथूनच सुरू होतो. म्हणून तपासाची दुसरी पायरी एका गाडीपासून अनेक गाड्यांकडे जाते. त्याच बनावटीच्या इतर गाड्यांत तोच भाग, त्याच जागी, तसाच तुटतो आहे काय?

या प्रश्नाची कायदेशीर मांडणी अमेरिकेतील न्यायालयांनी १९७० च्या दशकात केली. जनरल मोटर्सविरुद्धच्या दोन खटल्यांचे निकाल आजही आधारभूत मानले जातात. पहिला १९७५ चा. कंपनीच्या १९६० ते १९६५ या काळातील पाऊण टनी पिकअप ट्रकांची चाके तुटत होती. मालक गाडीवर राहण्याची खोली बसवून क्षमतेपेक्षा अधिक भार लादतात, दोष त्यांचा आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने वेगळा निकष मांडला. वाहन कसे वापरले जाईल याचा अंदाज बांधता येत असेल, तर तेवढ्या वापरात, त्यातील नेहमीच्या हयगयीसह, भाग टिकला पाहिजे. नगण्य म्हणता येणार नाही इतक्या संख्येने तो निकामी होत असेल, तर तो दोष होय. प्रत्येक गाडीत नेमके काय चुकले, हे सरकारने सिद्ध करण्याची गरज नाही.

दुसरा निकाल १९७७ चा आणि तो थेट स्टीअरिंगविषयी होता. १९५९ आणि १९६० सालच्या कॅडिलॅक मोटारींचे पिटमन आर्म तुटत होते. या खटल्यात एक बोलका पुरावा पुढे आला. आगेमागे बनलेल्या कॅडिलॅकच्या तुलनेत या दोन वर्षांच्या गाड्यांसाठी बदली पिटमन आर्मची विक्री कितीतरी पटींनी अधिक झाली होती. गाड्या मूकपणे तक्रार करीत होत्या आणि ती तक्रार सुट्या भागांच्या हिशेबवहीत नोंदली जात होती. हे भाग बहुधा गाडी उभी करताना, अगदी कमी वेगात तुटतात, त्यामुळे जीविताला फारसा धोका नाही, असा बचाव कंपनीने केला. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य होते, कारण उभ्या गाडीत चाक वळवितानाच ताण सर्वाधिक असतो. पण पोखरलेला भाग शेवटचा श्वास वाहनतळावरच घेईल, याची हमी कोण देणार? स्टीअरिंग अचानक निकामी होणे हाच अवाजवी धोका आहे आणि तो मान्य करण्यासाठी मृतांची संख्या मोजत बसण्याची आवश्यकता नाही, ही भूमिका न्यायालयाने स्वीकारली.

चौकशी कशी चालते?

अमेरिकेत वाहनसुरक्षेचा मूळ कायदा १९६६ चा. त्याची अंमलबजावणी राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन, म्हणजे ‘एनएचटीएसए’ करते. या संस्थेचे दोष अन्वेषण कार्यालय वाहनधारकांच्या तक्रारी गोळा करते. एकाच भागाविषयी तक्रारी येऊ लागल्या, की प्राथमिक चौकशी उघडली जाते. उत्पादक कंपनीला सविस्तर पत्र जाते. या भागाबद्दल किती तक्रारी आल्या, हमीच्या काळात किती भाग बदलून दिले, क्षेत्रीय अभियंत्यांनी काय कळविले, भागाचा आराखडा वा पुरवठादार मधल्या काळात बदलला का, सुट्या भागांची विक्री किती झाली, या सर्वांची उत्तरे द्यावी लागतात. आराखड्यातील बदलाचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. एखाद्या महिन्यापासून कंपनीने गुपचूप तो भाग जाड केला असेल, तर आधीचा भाग अपुरा होता, हे तिला ठाऊक होते, असा अर्थ निघू शकतो.

प्राथमिक चौकशीत संशय बळावला, तर अभियांत्रिकी विश्लेषणाचा टप्पा येतो. परत आलेले तुटके भाग तपासले जातात, नवे भाग यंत्रावर वारंवार ताण देऊन तोडले जातात, त्याच वर्गातील इतर कंपन्यांच्या वाहनांशी बिघाडाचे प्रमाण ताडून पाहिले जाते. फोर्ड एक्स्प्लोरर आणि फायरस्टोन टायरांच्या प्रकरणानंतर २००० साली अमेरिकेने आणखी एक कायदा केला. मृत्यू, दुखापत, मालमत्तेचे नुकसान आणि हमीचे दावे यांची आकडेवारी कंपन्यांनी ठरावीक मुदतीने स्वतःहून सरकारला द्यावी, अशी तरतूद त्यात आहे. दोष असल्याचे कंपनीच्या ध्यानात आले, की पाच कामकाजाच्या दिवसांत ते कळविणेही बंधनकारक आहे.

अर्थात, प्रत्येक वेळी लांबलचक चौकशीची वाट पाहावी लागत नाही. २०१६ च्या आरंभी व्होल्वो ट्रक्सने उत्तर अमेरिकेतील सुमारे १६ हजार अवजड ट्रक परत मागविले. स्टीअरिंग शाफ्टच्या जोडणीत राहिलेल्या त्रुटीमुळे तो कोणत्याही पूर्वसूचनेविना सुटू शकतो, असे आढळले होते. वाहने दुरुस्तीला आणा, एवढेच सांगून हे प्रकरण थांबले नाही. तपासणी होईपर्यंत हे ट्रक चालवूच नयेत, अशी सूचना देण्यात आली. मालवाहतूकदाराचा ट्रक एक दिवस उभा राहिला, तरी त्याचे नुकसान होते. तरीही असा निर्णय घ्यावा लागतो, कारण स्टीअरिंग सुटल्यावर दुसरी संधी नसते.

नोंदीच दडविल्या तर?

ही सारी पद्धत एका गृहीतावर उभी आहे. तक्रारींची नोंद खरी असली पाहिजे. ती खरी नसली, तर काय होते, याचे विदारक उदाहरण जपानने पाहिले.

१० जानेवारी २००२ रोजी योकोहामा शहरात मित्सुबिशी बनावटीच्या एका अवजड ट्रकचे पुढचे डावे चाक निखळले. सुमारे १४० किलो वजनाचे ते चाक उतारावरून घरंगळत गेले आणि पदपथावरून दोन मुलांसह चाललेल्या २९ वर्षांच्या मातेवर आदळले. तिचा मृत्यू झाला, मुले जखमी झाली. येथे तुटला होता तो हब. पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकावर बसणारा आणि ज्यावर चाक आवळले जाते तो हा ओतीव भाग. स्टीअरिंगच्या साखळीच्या शेवटच्या टोकावरच तो असतो.

मालकाने देखभाल नीट केली नाही, म्हणून हब झिजला आणि तुटला, असे कंपनीने सरकारला कळविले. झीज ०.८ मिलिमीटरपर्यंत पोहोचली, की हब बदलावा, असा निकषही पुढे केला. संशयाची सुई वाहतूकदाराकडे वळली. प्रत्यक्षात कंपनीच्या ट्रक-बसांचे हब १९९२ पासून तुटत आले होते. १९९९ साली हिरोशिमाजवळ एका बसचा हब तुटला, तेव्हाही कंपनीने देखभालीकडेच बोट दाखविले होते. योकोहामाच्या अपघातापर्यंत अशा घटनांची संख्या चाळीसच्या घरात गेली होती. त्यांतील काही हब तर ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी झिजलेले असतानाच तुटले होते. म्हणजे देखभालीचा निकष तंतोतंत पाळणाऱ्यालाही संरक्षण नव्हते.

ही कंपनी त्यापूर्वीच एकदा उघडी पडली होती. २००० साली एका निनावी सूचनेनंतर परिवहन मंत्रालयाने तपासणी केली आणि ग्राहकांच्या तक्रारींची कागदपत्रे वेगळी काढून दडविली जात असल्याचे निष्पन्न झाले. हा प्रकार १९७७ पासून चालला होता. त्या वेळी अध्यक्ष कात्सुहिको कावासोए यांनी राजीनामा दिला. परंतु ट्रकांच्या हबचा आणि क्लचच्या आवरणाचा दोष तेव्हाही बाहेर आला नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये यामागुची प्रांतात एका ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट गळून ब्रेकच्या नळ्या तुटल्या आणि ३९ वर्षांचा चालक प्राणास मुकला. तोवर स्वतंत्र झालेल्या मित्सुबिशी फुसो या ट्रक कंपनीने हबच्या रचनेतच दोष असल्याचे अखेर मार्च २००४ मध्ये मान्य केले आणि सुमारे १ लाख १२ हजार वाहने परत मागविली. त्याच वर्षी माजी अधिकाऱ्यांना अटक झाली. कावासोए यांना जानेवारी २००८ मध्ये स्थगित कारावासाची शिक्षा झाली. योकोहामा प्रकरणी गुणवत्ता विभागाच्या दोन माजी अधिकाऱ्यांवरील दोषसिद्धी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये कायम केली. १९९९ च्या बस अपघातानंतरच वाहने परत मागविण्यासाठी पावले उचलायला हवी होती, हे त्या निकालाचे सार. एका मातेचा जीव आणि निकाल यांच्यात दहा वर्षे गेली.

आपल्याकडे काय?

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांनी प्राण गमावले. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक अपघात अतिवेगाच्या रकान्यात पडतात. अतिवेग हे भीषण वास्तव आहे, यात शंका नाही. परंतु ‘अतिवेग’ हे कारण पंचनाम्यात लिहिणे जितके सोपे आहे, तितके ‘ड्रॅग लिंकचे टोक थकव्याने तुटले’ हे लिहिणे सोपे नाही.

मोटार वाहन कायद्याच्या १३६ व्या कलमान्वये अपघातग्रस्त वाहनाची तपासणी करण्याचा अधिकार आहे. प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे मोटार वाहन निरीक्षक ही तपासणी करतात. ती मुख्यतः डोळ्यांनी होते. ब्रेक लागतात का, स्टीअरिंग फिरते का, हे पाहिले जाते. गाडीचा पुढचा भाग चेपला असेल, तर तेही शक्य होत नाही. तुटलेला भाग धातूशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठविणे हा नित्याचा भाग झालेला नाही. पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट या दोन मान्यवर संस्था आहेत. म्हणजे ज्ञान आणि उपकरणे यांची वानवा नाही. तुकडा तेथवर पोहोचत नाही, ही अडचण आहे.

न्यायालयातही हाच तुकडा निर्णायक ठरतो. ‘यांत्रिक बिघाडामुळे अपघात झाला’, असा बचाव घेणाऱ्या मालकाने सर्व वाजवी काळजी घेतल्याचे आणि तरीही दोष दडून राहिल्याचे स्वतः सिद्ध केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन या १९७७ च्या खटल्यात स्पष्ट केले. हा नियम योग्यच आहे, अन्यथा प्रत्येक जण यंत्रावर खापर फोडून मोकळा होईल. पण एक-दोन गाड्यांच्या मालकाने हे सिद्ध करायचे कसे? त्याच्याकडे ना देखभालीची नोंदवही असते, ना जपून ठेवलेला तुटका भाग.

दोषयुक्त वाहने परत मागविण्याबाबत मात्र चित्र पालटले आहे. २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक संहिता होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११० अ हे कलम आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांबाबत, विक्रीच्या ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्यास सरकार चौकशी करून वाहने परत मागविण्याचा आदेश देऊ शकते. कंपनीने स्वतःहून पाऊल उचलले नाही, तर वाहनांच्या संख्येनुसार दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पण या कायद्याचे इंधन म्हणजे तक्रार. शहरातील मोटारीचा मालक संगणकावर तक्रार नोंदवील. महामार्गावरच्या ढाब्याशेजारी, जॅक लावून टाय रॉडचे टोक बदलून पुढे निघालेला चालक ती नोंदवणार नाही. त्याच्या लेखी तो दोष नसून नेहमीचा खर्च असतो. कॅडिलॅकच्या प्रकरणात सुट्या भागांच्या विक्रीने जे सांगितले, ते आपल्याकडील असंख्य छोट्या दुकानांत विखुरलेले आहे आणि त्याची बेरीज कुणी करीत नाही. त्यातच बनावट भागांचा सुळसुळाट आणि जादा भार यांमुळे खरा उत्पादनदोष कोणता, हे ओळखणे अधिक कठीण होते. तरी जादा भार आहे, एवढ्यावरून चौकशीच थांबविणे योग्य नाही, हे १९७५ च्या अमेरिकी निकालाने पन्नास वर्षांपूर्वीच सांगितले आहे.

काय करता येईल?

काही गोष्टींना नवा कायदा लागत नाही. जीवघेण्या अपघातातील अवजड वाहनाचे स्टीअरिंगचे भाग, जसे सापडले तसे, न पुसता जप्त करून ठेवणे आणि त्यांची छायाचित्रे काढणे हा पंचनाम्याचा भाग होऊ शकतो. अपघातांच्या नोंदीसाठी आता देशव्यापी संगणकीय व्यवस्था उभी राहिली आहे. तीत वाहनाची बनावट, उत्पादनाचे वर्ष आणि तुटलेला नेमका भाग नीट भरला गेला, तर एकाच प्रकारचे बिघाड आपोआप समोर येऊ लागतील. वाहतूकदारांच्या संघटनांनी सभासदांकडून बदललेल्या स्टीअरिंग भागांची माहिती गोळा केली, तर तो सामूहिक तक्रारीचा पाया ठरेल. मालकानेही एवढे पथ्य पाळावे, की वाकलेला टाय रॉड वा ड्रॉप आर्म तापवून सरळ करू नये वा त्यावर वेल्डिंग करू नये. तापविलेल्या पोलादाची ताकद जाते आणि पुढच्या बिघाडाचे खरे कारणही त्याबरोबर पुसले जाते. चाक नेहमीपेक्षा अधिक सैल फिरू लागले, गाडी एका बाजूला ओढू लागली, वळविताना टक्‌टक् आवाज येऊ लागला, तर चालकाच्या तक्रारीला ‘कामचुकारपणा’ न समजता गाडी उभी करावी.

चालकांचा दोष नसतोच, असा याचा अर्थ नाही. बहुतेक अपघातांत तो असतो. पण ‘बहुतेक’ या शब्दाच्या आड जे थोडे उरतात, त्यांतच पुढच्या अपघातांची सूचना दडलेली असते. योकोहामाच्या त्या मातेपूर्वी चाळीस हब तुटले होते आणि प्रत्येक वेळी कारण तयार होते. ‘चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य तपासाचा शेवट म्हणून न लिहिता तपासाचा आरंभ म्हणून लिहिले गेले, तर त्या मूक तुकड्यांची साक्ष वेळेवर ऐकली जाईल.